ढलप्या आणि सिमेंट: एका हलक्या भिंतीचा हिशेब

काँक्रीट घेऊन निघालेला ट्रान्झिट मिक्सर वाहतुकीत अडकला आणि माल ड्रममध्येच घट्ट व्हायला लागला, तर मुरलेला ड्रायव्हर एक जुना उपाय करतो: ड्रममध्ये साखर ओततो. माल फुकट जातो, पण ड्रम वाचतो. ही नुसती साइटवरची दंतकथा नाही. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर पडली, तरी सिमेंट सेट व्हायला चारेक तास उशीर होतो. १०० ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंत गेलात, तर ते जवळजवळ सेट होतच नाही.

साखरेपासून सुरुवात करायचं कारण असं, की आज ज्या भिंतीबद्दल लिहायचं आहे तिचं सगळं शास्त्र याच अडचणीभोवती फिरतं. लाकडाच्या ढलप्या सिमेंटच्या पाण्यात कालवून केलेली भिंत. ऐकायला सोपी वाटते. भुसा फुकटात मिळतो, सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात आहे, मग घरोघरी का नाही? तर लाकडात साखर असते. गोड लागत नाही इतकंच.

लाकूड म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजची तक्रार नाही. हेमिसेल्युलोज मात्र सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्यात विरघळतं, तुटतं, आणि त्यातून निघालेल्या शर्करा सिमेंटच्या कणांवर जाऊन बसतात. कणांना पाणी मिळतं, पण स्फटिक वाढायला जागाच उरत नाही. त्यात भर टॅनिनची, म्हणजे चामडं कमावायला बाभळीची साल वापरतात ती ज्या गुणासाठी, त्याची. म्हणून एकाच गोणीतलं सिमेंट थंड प्रदेशातल्या स्प्रूस झाडाच्या ढलप्यांबरोबर झकास जमतं आणि ओकच्या किंवा लार्चच्या ढलप्यांबरोबर रुसून बसतं. एकाच झाडाचा बाहेरचा पांढरा भाग चालतो आणि आतला गाभा चालत नाही, असंही होतं.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक शंका येणारच. वाड्यांचा आणि किल्ल्यांचा चुना तर गूळ, हिरडा, बेलफळ घालूनच घाणीत मळायचे! त्यात साखरही आली आणि टॅनिनही. मग ते बांधकाम शेकडो वर्षं उभं कसं? याचं उत्तर असं, की चुना आणि सिमेंट दिसायला भाऊ असले तरी त्यांचं घट्ट होणं वेगळं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून महिनोन्‌महिने हळूहळू दगड होतो. गुळामुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, चांगला मिसळतो, कामाला लोण्यासारखा होतो. सिमेंट पाण्याशी संयोग करून काही तासांत घट्ट होतं, आणि नेमकी तीच क्रिया साखर अडवते. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

उपाय अर्थातच सापडले. ढलप्या पाण्यात भिजवून साखर धुऊन काढायची. सिमेंट लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालायचं. मात्र आत सळई येणार असेल तर ते नको, कारण क्लोराइड लोखंडाला गंज आणतं. त्यापेक्षा ॲल्युमिनियम सल्फेट बरं, तुरटीच्या कुळातलं. किंवा सोडियम सिलिकेट, ज्याने ढलपीवर काचेसारखा पातळ थर चढतो आणि आतली साखर आतच कोंडली जाते. कारखानदार या सगळ्याला मिनरलायझेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र घरातल्यासारखंच: कारल्याचा कडूपणा काढायला आधी मीठ लावून पिळतो, तसं.

एक घराणं, तीन भावंडं

लाकूड-सिमेंट म्हटल्यावर लोक एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत असं वाटतं, आणि मग आकड्यांचा गोंधळ होतो. प्रत्यक्षात तीन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली, वुड वूल. लाकूड किसून केलेल्या लांब, शेवयांसारख्या पट्ट्या. पूर्वी खोक्यात काचसामान भरताना मधे कोंबायला या वापरत. ऑस्ट्रियात १९०८ साली रॉबर्ट शेरर याने मॅग्नेसाइट या खनिजाच्या बंधकाने त्या जोडून पाट्या करण्याचं पेटंट घेतलं. सिमेंट त्यानंतर आलं. तुम्ही ही पाटी पाहिलेली आहे. नाट्यगृहाच्या किंवा रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतीवर, वाळवलेल्या शेवया चिकटवल्यासारखं जे दिसतं, ते हेच. वजन घनमीटरला साधारण ३५० ते ५०० किलो, म्हणजे पाण्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. आपल्याकडे यासाठी आयएस ३३०८ हे मानक आहे.

दुसरी, ढलप्यांचं काँक्रीट. लहान, जाडसर तुकडे सिमेंटमध्ये कालवून ठोकळे करायचे. घनमीटरला ५०० ते ८०० किलो. स्वित्झर्लंडमधलं ड्यूरिसोल हे नाव १९३०च्या दशकापासूनचं. सोव्हिएत संघात याच जातीच्या मालाला आर्बोलिट म्हणत. तिथल्या १९८४ सालच्या मानकाने रेघच आखून दिली होती: ५०० किलोपर्यंत फक्त उष्णतारोधक, त्यापुढे ८५०पर्यंत भार घेणारा.

तिसरी, सिमेंट पार्टिकल बोर्ड. बारीक कण, भरपूर सिमेंट, जबर दाब. घनमीटरला १२०० ते १३५० किलो. दुकानाच्या पोटमाळ्याला मिस्त्री जो ‘बायसन बोर्ड’ टाकतो, तो हा. त्याचं मानक आयएस १४२७६.

या तिघांना एका ओळीत उभं केलं की मूळ गोष्ट डोळ्यांना दिसते. उष्णता किती सहज वाहते याचं माप म्हणजे उष्णतावाहकता, एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश. वुड वूल ०.०७ ते ०.०९. ढलप्यांचं काँक्रीट ०.१० ते ०.१८. पार्टिकल बोर्ड ०.२३ ते ०.२६. तुलनेसाठी, वीट ०.८च्या आसपास, साधं काँक्रीट १.६, आणि थर्माकोल ०.०३५. उष्णता अडवते ती अडकलेली हवा. लाकूड म्हणजे निसर्गाने केलेल्या पोकळ नळ्यांची जुडी. त्या जुडीला जितकं सिमेंट पाजाल आणि जितकं दाबाल, तितकी ती बळकट होते आणि तितकीच उष्णतेला वाट देते. दोन्ही एकदम मिळत नाही. ‘आमची पाटी थर्माकोलइतकी उष्णता अडवते आणि काँक्रीटइतका भार घेते’ असं कुणी विकायला आलं, तर त्याला आधी घनता विचारा.

उन्हाळ्यातली भिंत

नागपूर, अकोला, चंद्रपूर. मे महिना. दुपारी ४४ अंश. पश्चिमेची भिंत दुपारी चारच्या सुमाराला बाहेरून सर्वांत जास्त तापते. प्रश्न दोन: त्यातली किती उष्णता आत येणार, आणि कधी येणार?

‘किती’चं उत्तर यू-मूल्य देतं: दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना भिंतीच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात. हिशेब अवघड नाही. प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घ्या, तिला त्याच्या वाहकतेने भागा (हा त्या थराचा उष्णतेला विरोध), सगळे विरोध मिळवा, भिंतीला चिकटलेल्या हवेचे ०.१७ धरा, आणि एकाला त्या बेरजेने भागा.

१५० मिलिमीटर काँक्रीटची भिंत, जी हल्ली ॲल्युमिनियमच्या ‘मायवान’ शटरिंगने, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याने, झालेल्या बहुतेक इमारतींत असते: ०.१५ भागिले १.५८ म्हणजे ०.०९५. हवा धरून ०.२६५. यू आला ३.८. नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर: यू २च्या आसपास. म्हणजे आजी-आजोबांच्या जुन्या इमारतीपेक्षा नातवाच्या नव्या टॉवरची भिंत जवळपास दुप्पट उष्णता आत घेते. एसीचं बिल नातवाकडे जास्त येतं, त्यात त्याच्या नाजूकपणाचा दोष धरला जातो तितका नसावा.

आता २०० मिलिमीटर जाडीचा ढलप्यांच्या काँक्रीटचा भरीव ठोकळा, वाहकता ०.१२ धरून, प्लास्टरसह: यू ०.५३. हलक्या, पोटात हवेचे बुडबुडे असलेल्या एएसी काँक्रीट ब्लॉकची तेवढ्याच जाडीची भिंत ०.७५ ते ०.८वर येते. म्हणजे एएसीपेक्षा फायदा आहे, पण डोळे दिपावेत इतका नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्या बाजारात या भिंतीचा खरा प्रतिस्पर्धी वीट नसून एएसी आहे.

‘कधी’चा प्रश्न जास्त रंजक. उष्णता भिंतीत शिरली की ती लगेच आतल्या बाजूला उमटत नाही. वाटेतला प्रत्येक थर आधी स्वतः तापतो, मग पुढच्याला देतो. थर जितका जड आणि जितकी उष्णता पोटात घेणारा, तितका उशीर. इथे लाकडाची एक बाजू समोर येते जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एक किलो काँक्रीट एक अंशाने तापवायला ९०० ज्यूलच्या आसपास लागतात, एक किलो लाकडाला १६०० ज्यूल किंवा त्याहून जास्त. ढलप्यांचं काँक्रीट या दोघांच्या मधे, सुमारे १४००. शिवाय थर्माकोलचं वजन घनमीटरला जेमतेम २० किलो, याचं साडेपाचशे.

रोजच्या उष्ण-थंड चक्राचं पुस्तकी सूत्र लावून केलेला ढोबळ हिशेब असा निघतो. १०० मिलिमीटर थर्माकोल: दोन तास. १५० मिलिमीटर काँक्रीट: चार तास. नऊ इंची वीट: सात तास. २०० मिलिमीटर ढलप्यांचं काँक्रीट: अकरा ते बारा तास. प्रत्यक्षात प्लास्टर, वारा, खोलीतली हवा यांनी आकडे हलतात, पण क्रम हलत नाही.

आता याचा अर्थ घरातल्या घड्याळावर बघा. चार वाजता तापलेली काँक्रीटची भिंत रात्री आठला आत ऊन ओकते, बरोबर जेवायच्या वेळी. विटेची भिंत अकराला, पाठ टेकायच्या वेळी. विदर्भात लोक गच्चीवर झोपायला जात ते काही चांदण्याच्या हौसेने नव्हे. ढलप्यांची भिंत पहाटे तीन-चारला उष्णता सोडते, तीही बाहेरच्या चढउताराच्या जेमतेम पाच टक्के इतकी मंदावलेली. तेव्हा बाहेर गारवा आलेला असतो. खिडकी उघडली की काम झालं.

हीच भिंत रत्नागिरीत किंवा दादरला बांधली तर? तिथे दिवस-रात्रीतला फरक मुळात कमी. भिंतीने उष्णता बारा तास पुढे ढकलली तरी पुढे गारवा वाट पाहत थांबलेला नाही. किनाऱ्यावर वारा खेळवणं, खिडकीवर छज्जा, छताची काळजी, हे भिंतीच्या आधी येतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर कुठेही राहा, पहिला खर्च स्लॅबवर करा. केंद्र सरकारची २०१८ची इको निवास संहिता छताचा यू १.२च्या आत ठेवायला सांगते आणि भिंती-खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घालते. या दुसऱ्या आकड्यात खिडकीचा वाटा एवढा मोठा असतो, की भिंत कितीही गुणी असली तरी पश्चिमेला उघडी काच लावून सगळं घालवता येतं.

भार कोण घेतो?

या भागात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा रेंगाळू.

ढलप्यांच्या काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडला तर चौरस मिलिमीटरला साधारण २ ते ५ न्यूटनवर शरण येतो. आपल्या मानकातली सर्वांत कमी प्रतीची वीट ३.५ची. एम-२० काँक्रीट २०चं. म्हणजे बैठ्या घराच्या भिंतीला चालेल, पण चार मजले त्याच्या जिवावर चढवता येणार नाहीत. मात्र तो फुटतो कसा, हे बघण्यासारखं आहे. साधं काँक्रीट भार वाढवत नेला की एका क्षणी फटकन तुटतं. हा ठोकळा तुटत नाही, बसतो. ढलप्या चिरेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात, आणि तो चेपत चेपत जातो. कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काठ्यांचा कुड, वर शेणमातीचं लिंपण. माती चिरते, काठ्या धरून ठेवतात. वनस्पतीचा धागा घालून मातीला आवर घालायची युक्ती जुनीच. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं.

मग जगात या मालाची बहुमजली घरं कशी उभी राहिली? कारण तिथे ठोकळा भार घेतच नाही. तो कायमचं शटरिंग असतो. पोकळ ठोकळे एकावर एक कोरडे रचायचे, पोकळ्या एकमेकांवर येतील असे. उभ्या-आडव्या सळया सोडायच्या. मग वरून काँक्रीट ओतायचं. आतून उभे खांब आणि आडव्या पट्ट्या यांची एक जाळी तयार होते. खिडकीच्या ग्रिलसारखी, पण काँक्रीटची, आणि ठोकळ्याच्या पोटात दडलेली. शटरिंग काढायचं नसतं. तेच उष्णतारोधक आणि तेच प्लास्टरला धरणारं अंग.

ठोकळ्याचं कवचही थोडाफार भार घेत असेल की, असं वाटतं. जवळजवळ नाही. दोन पदार्थ एकत्र दाबले जातात तेव्हा भार बळाप्रमाणे वाटला जात नाही, ताठरपणाप्रमाणे वाटला जातो. मोठी सतरंजी दोघांनी उचलली आणि एकाचा हात ताठ, दुसऱ्याचा ढिला, तर वजन कुणाच्या खांद्यावर येतं? एम-२० काँक्रीटचा ताठरपणा आपल्या आयएस ४५६ने सुमारे २२,४०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ढलप्यांच्या काँक्रीटचा त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. त्यामुळे इंजिनिअर हिशेब करताना कवचाला शून्य धरतो. तो कंजूषपणा करत नाही, बरोबर करतो.

या जाळीचा उष्णतेशीही संबंध आहे. काँक्रीटचा गाभा उष्णतेला सताड उघडा रस्ता, त्यामुळे नुसती ४५ मिलिमीटरची दोन कवचं आणि मधे १६० मिलिमीटर काँक्रीट अशी भिंत घेतली तर यू ०.९च्या वरच राहतो. एएसीपेक्षाही वाईट! म्हणून थंड देशांतल्या ठोकळ्यांत पोकळीच्या बाहेरच्या बाजूला रॉकवूलची, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीची, किंवा तसलीच पट्टी घातलेली असते. ३०० मिलिमीटरचा ठोकळा, त्यात ७५ मिलिमीटरची पट्टी, असा हिशेब केला तर यू ०.३५च्या आसपास येतो. पट्टी बाहेरच का, आत का नाही? म्हणजे काँक्रीटचं जड पोट घराच्या बाजूला राहतं आणि खोलीचं तापमान धरून ठेवतं. आणि एक सुखद गोष्ट: दोन कवचांना जोडणारे आडवे दुवे इथे ढलप्यांचेच असतात. दुसऱ्या काही पद्धतींत हे दुवे लोखंडाचे असतात आणि त्यातून उष्णता चोरवाटेने शिरते. इथे ती चोरवाट नाही.

भूकंपाचं काय? ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला जे झालं त्यात माणसं भूकंपाने जितकी मारली नाहीत तितकी भिंतींनी मारली: मातीत बसवलेले दगड, दोन-अडीच फूट जाडी, वर मातीचं धाबं. भूकंपाचा धक्का वजनाच्या पटीत बसतो. नऊ इंची विटेची प्लास्टर केलेली भिंत चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलोची. ढलप्यांच्या भरीव ठोकळ्याची तितक्याच जाडीच्या जवळपासची भिंत पावणेदोनशे किलोची. काँक्रीटच्या सांगाड्यात भराव म्हणून ती वापरली तर इमारतीवरचा धक्का खरोखर कमी होतो. पण काँक्रीट भरलेल्या जाळीच्या भिंतीचं वजन पुन्हा चारशेच्या घरात जातं. तिचा भरवसा हलकेपणावर नाही, सळईवर आणि एकसंधपणावर आहे. भिंती लांब असतात, चारही दिशांना असतात, आणि आडव्या पट्ट्या चिरत चिरत धक्क्याची ऊर्जा खातात. इटली हा भूकंपांचा देश. तिथे अशा पोकळ ठोकळ्यांच्या भारवाही भिंतींसाठी सरकारी पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना २०११ साली निघाल्या.

आता खोट. शटरिंग कायमचं, म्हणजे आतलं काँक्रीट कधीच दिसत नाही. नेहमीच्या कामात पाट्या उघडल्या की मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली जागा दिसते, मिस्त्री मान खाली घालतो, दुरुस्ती होते. इथे पोकळी राहिली तर ती भूकंपाच्या दिवशीच कळणार. म्हणून खडी १० मिलिमीटरची, मिश्रण वाहतं, ठोकळे आधी ओले केलेले (कोरडी ढलपी काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते), ओतणं छाती-दीडछाती उंचीच्या टप्प्यांत, आणि वरून बघणारा माणूस जागा. आपल्याकडच्या ठेकेदारी कामात यातली शेवटची अट सर्वांत महाग.

पाणी, वाळवी, आग

लाकूड म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न वाळवीचा. तिला ही भिंत रुचत नाही. प्रत्येक ढलपीवर सिमेंटचं कवच, आणि ताज्या सिमेंटचा सामू १२च्या वर. त्या क्षारात बुरशीही धरत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जातो आणि सामू ९पर्यंत उतरतो. कोरडी भिंत असेल तर त्यानेही बिघडत नाही. सतत ओली राहिली तर बिघडतं. आगीचं म्हणाल, तर ज्वाला धरत नाही. सिमेंटमधलं बांधलेलं पाणी आधी वाफ होऊन जातं, ढलपी कोळशासारखी जळत राहते, पण आग पसरवत नाही. युरोपात वुड वूलच्या पाट्या बहुधा ‘बी’ वर्गात बसतात, म्हणजे साध्या लाकडाच्या दोन पायऱ्या वर.

खरा शत्रू पाणी. हवेची वाहकता ०.०२५, पाण्याची ०.६, म्हणजे छिद्रात हवेऐवजी पाणी बसलं की तेवढी जागा चोवीसपट सहज उष्णता वाहते. ओल्या स्वेटरने थंडी भागत नाही, तसंच. ढलप्यांच्या काँक्रीटची छिद्रं मोठी असतात, त्यामुळे विटेसारखं जमिनीतलं पाणी ते वर ओढत नाही, ही जमेची बाजू. पण कोकणातला तीन हजार मिलिमीटर आडवा-तिडवा पाऊस थेट अंगावर घेणं त्याला जमणार नाही. जोतं उंच हवं, वळचण लांब हवी, प्लास्टर अखंड हवं.

आणि प्लास्टर अखंड राहणं हीच गोम आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं, सुकल्यावर आकसतं. सिमेंट त्या मानाने हटत नाही. दोघांच्या या ओढाताणीत ठोकळा स्वतः थोडासा हलतो, आणि त्यावर कडक, सिमेंट जास्त घातलेलं प्लास्टर केलं की त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी, पाण्याने पुन्हा फुगणं. चुना मिसळलेलं, जरा मऊ प्लास्टर आणि आत जाळी, हा उपाय. ठोकळे आल्या आल्या घाईने प्लास्टर करू नये. त्यांना आकसून घ्यायला वेळ द्यावा. गवंड्याला हे पटवणं हा वेगळा अध्याय आहे. त्याच्या मते जास्त सिमेंट म्हणजे जास्त चांगलं, आणि आयुष्यभराच्या विटेच्या अनुभवाने तो तसं म्हणतो.

आवाजाचं एका वाक्यात: प्लास्टर न केलेला खडबडीत पृष्ठभाग आवाज गिळतो, म्हणून कॅनडात आणि युरोपात महामार्गांलगतच्या ध्वनिरोधक भिंती या मालाच्या असतात, प्लास्टर केलंत की ती गंमत संपली.

आपल्याकडे कशापासून?

स्प्रूस आपल्याकडे हिमालयाबाहेर उगवत नाही. नीलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर यांचा विचार होतो. पण महाराष्ट्रात सगळ्यांच्या मनात येतो तो उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. ढिगाने पडतो, धागा चांगला, आणि अंगात कारखान्याच्या चरकातून सुटलेली साखर! सिमेंटसाठी याहून वाईट पाहुणा शोधून सापडणार नाही. धुऊन, उकळून, मुरवून ते जमवता येतं, पण मग बगॅस स्वस्त राहत नाही. शिवाय कारखान्याला तोच बॉयलरमध्ये जाळून वीज करायला हवा असतो. विदर्भातली पऱ्हाटी हा दुसरा उमेदवार. कापसाच्या वेचणीनंतर शेतात उभी राहणारी ही काटकी बहुतेक वेळा चुलीत किंवा बांधावर जळते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून रेझिनचे पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. सिमेंटबरोबर तिची चाचणी प्रत्येक गावच्या मालावर वेगळी करावी लागेल, कारण साल, माती, कापणीनंतर किती दिवस पडून होती, या सगळ्याने तिच्यातली साखर बदलते.

ती चाचणी कशी करतात, हे सांगतो. घरीही जमण्यासारखी आहे. सिमेंट सेट होताना गरम होतं, हे सगळ्यांना माहीत. प्रयोगशाळेत २०० ग्रॅम सिमेंट, १५ ग्रॅम बारीक केलेलं लाकूड आणि ९० मिलिलिटर पाणी कालवून ते थर्मासमध्ये ठेवतात आणि आत थर्मामीटर सोडतात. दिवसभरात पारा ६० अंशांच्या पुढे गेला तर लाकूड चांगलं. ५० ते ६०मध्ये अडकला तर प्रक्रिया करून बघायचं. ५०च्या खाली राहिला तर ते लाकूड चुलीतच बरं. जर्मनीतल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात ठरवलेला हा कस आहे. थर्मास जुना घ्या, कारण चांगलं जमलं तर तो पुन्हा चहाला मिळणार नाही. आणि शेजारी नुसत्या सिमेंटचा दुसरा थर्मास ठेवा, म्हणजे पारा चढला नाही तर दोष काटकीचा की पावसाळ्यात भिजलेल्या गोणीचा, ते कळेल.